आपल्या माणसाविरुद्ध साक्ष



मदीनेत एकदा एका अन्सारी सहाबींच्या घरातून चिलखत चोरीस गेले. ते पिठाच्या पोत्यात होते, पोत्याला भोक होते, आणि वाटेवर पिठाची रेघ उमटत गेली. तफसीर ग्रंथांतील एका प्रसिद्ध कथनानुसार चोर होता तुअमा बिन उबैरिक. त्याने ते चिलखत एका यहुदी इसमाकडे ठेवले आणि आळ त्या इसमावर आला. तुअमाचे भाऊबंद, बनू जफर, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे त्याची बाजू मांडण्यास आले. पिठाची रेघ कोठे जाते यापेक्षा माणूस कोणाचा आहे, हे त्यांनी आधी पाहिले होते. तेव्हा सूरह अन्-निसाच्या 105 व्या आयतीपासूनचा भाग अवतरला. विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई झाली आणि परधर्मीय निरपराध माणूस आळातून मुक्त झाला.

याच सूरहची 135 वी आयत सांगते की साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध वा आप्तांविरुद्ध गेली तरी न्यायावर ठाम राहावे. राजकीय पक्षाचे नाते आईवडिलांहून जवळचे खासच नव्हे!

तरीही आपण काय करतो? रस्ता तोच, खड्डेही तेच. आपल्या पक्षाचा नगरसेवक असताना दोष पावसाचा असतो. दुसऱ्याचा निवडून आला की तोच दोष भ्रष्टाचाराचा होतो. विरोधकाने खरोखर नळ आणून दिला, तर त्याचे पाणी पिऊनही आपण ते नाकारतो. सूरह अल्-माइदाच्या 8 व्या आयतीत एखाद्या समूहाचे वैरही न्याय सोडण्याचे निमित्त होऊ नये, असा आदेश आहे. जो पक्ष आपल्याला कमी धोक्याचा वाटतो, त्याला मत जरूर द्यावे. परंतु मत दिले म्हणून त्याच्या चुकांवर पांघरूण घालण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. मुले हे सारे जेवताना ऐकत असतात.

हिजरी 10 मध्ये प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम वारले. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. त्यात प्रेषितांचा गौरवच होता, आणि ते म्हणणारे सारे त्यांचे अनुयायी होते. पुत्रशोकात असलेल्या प्रेषितांनी (स.) ग्रहणाची नमाज अदा केली आणि लोकांना स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्याही मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही.