मांडलिक गादी आणि रयत

कसबा बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तकविधानाने कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले खरे. परंतु शास्त्र आणि घराणे यांच्या संमतीने ठरलेल्या त्या वारशावर शिक्कामोर्तब व्हावयाचे ते इंग्रज सरकारच्या मान्यतेनेच, आणि राज्यकारभाराची मुखत्यारी हाती यावयास २ एप्रिल १८९४ उजाडावे लागले. जुनी गादी कायम राखून तिच्याकरवी मुलूख चालविण्यात परकीय सत्तेचा खर्च थोडा होता, आणि रयतेच्या रोषाला तोंड द्यावयास दरबार पुढे होता. १८४४ साली करवीर म्हणजेच कोल्हापूर राज्यातील गडकरी (गडांचे राखणदार) ज्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभाराविरुद्ध उठले, त्यांची नेमणूक इंग्रजांनीच केलेली होती. तथापि बदनामी दरबाराची झाली.

अशा संकुचित मुखत्यारीतूनही शाहू महाराजांनी जे केले त्याचे मोल मला फार वाटते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या. पुढे कुलकर्णी वतने खालसा करून गावदप्तर पगारी तलाठ्यांच्या स्वाधीन केले, आणि महार वतनाच्या जमिनी रयताव्याने, म्हणजे नेहमीच्या शेतसाऱ्यावर, नावावर करून देऊन वेठबिगारीतून त्या कुटुंबांची सुटका केली. स्वतःचा अधिकार वंशपरंपरेने आलेला असताना, त्याच तत्त्वावर गावोगाव उभी असलेली वतनदारी मोडावयास जे धैर्य लागते, ते सामान्य नव्हे.

जुन्या गाद्यांकरवी मुलूख चालविण्याची हीच रीत दक्षिण आफ्रिकेतही होती, पण तेथील वृत्तान्त याच्या उलट आहे. तेथे १९५१ च्या बांटू अधिकारसंस्था कायद्याने टोळीप्रमुखांना गोऱ्या सरकारचे वेतनभोगी अंमलदार केले. १९६३ साली तेथील ट्रान्सकाय या प्रदेशाला स्वशासन दिले, तेव्हा विधानसभेत पदसिद्ध प्रमुख ६४ आणि लोकनियुक्त सभासद अवघे ४५. लोकनियुक्तांपैकी बहुसंख्य व्हिक्टर पोटो यांच्या बाजूस असूनही, प्रमुखांच्या मतांवर वर्णभेदी धोरणास अनुकूल असे कायझर मटान्झिमा मुख्यमंत्री झाले. या व्यवस्थेस विरोध करणारे थेंबू जमातीचे राजे सबाटा दलिंद्येबो यांना १९८० साली पदच्युत होऊन परागंदा व्हावे लागले.

मात्र या तुलनेतून कोल्हापूरविषयी निश्चिंत होणे मला मान्य नाही. मटान्झिमांच्या सत्तेला प्रिटोरियाच्या गोऱ्या सरकारचा आधार होता, शाहूंच्या सत्तेला त्यांच्या सदसद्विवेकाचा अंकुश होता. परंतु राजाला जाब विचारण्याचा कायदेशीर हक्क रयतेला येथेही नव्हता, आणि ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तल्यावर त्यांच्या सुधारणांचे भवितव्य पुन्हा गादीच्या मर्जीवरच राहिले. तो हक्क मागण्यासाठी १९३९ साली माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार प्रजापरिषद घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना ज्या दरबाराशी झगडावे लागले, तो शाहूंच्याच पुत्राचा दरबार होता.