शेणकिडा आणि मुंगीसिंह

ज्याचा उपयोग नाही त्याला जगू का द्यावं, हे कोडं मला आमच्या माळावरच्या दोन किड्यांनी घातलं.

पहिला शेणकिडा. पाऊस पडून गेला की गुरानं टाकलेल्या पोवर हे काळे गडी लगेच हजर. डोकं खाली, मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत उलटे चालतात. तो जमिनीत पुरतात, त्यात अंडं घालतात; अळीचं जेवण आधीच तयार. आपल्याला आयतं खत मिळतं, माती भुसभुशीत होते, माश्या कमी होतात. ऑस्ट्रेलियात गाईगुरं बाहेरून नेलेली. तिथल्या किड्यांना कांगारूच्या लेंड्यांची सवय, गाईचं शेण तसंच पडून राही. शेवटी १९६०च्या दशकाअखेरपासून तिथल्या शास्त्रज्ञांनी परदेशातून शेणकिडे आणून सोडले. एवढा त्याला मान!

दुसरा मुंगीसिंह. कपारीखाली, जिथं पावसाचा थेंब पोचत नाही अशा मऊ धुळीत, रुपयाएवढ्या तोंडाचा खड्डा करून ही अळी तळाशी दबून बसते. मुंगी घसरली की खालून धूळ उडवते, मुंगी पुन्हा तळाला. रस शोषून टरफल बाहेर फेकून देते. चालतो हाही उलटाच. आणि गंमत म्हणजे, अळी असेपर्यंत हा विष्ठा टाकतच नाही, पोटातच साठवतो. एकाचा संसारच दुसऱ्याच्या शेणावर, तर दुसऱ्याकडून शेताला चिमूटभर खत नाही. लोक त्याला लबाड म्हणतात. मला नाही पटत. उपाशीपोटी दिवस दिवस वाट बघणं सोपं असतं होय?

थोरला म्हणतो, माळ सपाट करू, जेसीबी बोलावतो. सातबाऱ्यावरही तो तुकडा पोटखराबाच. शेणकिड्याची वकिली मला करता येते: खत, माती, माशी. मुंगीसिंहाची कशी करू? मग ध्यानात आलं, पहिली वकिली तरी किड्याची कुठं होती? ती माझ्याच फायद्याची. उद्या गोठ्यातली गुरं विकली तर शेणकिड्याचाही हक्क संपला म्हणायचा? आणि आता मीही औत धरत नाही. माझा हिशेब घरच्यांनी त्याच वहीत मांडला तर?

थोरल्याला म्हटलं, कपारीकडची दहा हात पट्टी राहू दे.

"तिथं काय पिकणार हाय, आबा?"

"काही नाही," म्हटलं.