सूर्य मावळत नाही तिथली एकादशी

आपले नेम सूर्याला धरून चालतात. काकडा पहाटेचा, हरिपाठ सांजेचा, एकादशीचे पारणे द्वादशीच्या सूर्योदयानंतर. पण सूर्य उगवतही नाही आणि मावळतही नाही, अशा गावी वारकऱ्याने काय करावे?

प्रश्न कल्पनेतला नाही. आमच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांचा मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. त्याच आठवड्यात त्याला कामासाठी नॉर्वेच्या उत्तर टोकाला, हॅमरफेस्टला जावे लागले. तिथे समुद्राखालचा वायू आणून, थंड करून द्रवरूप करतात. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. त्याने फोन केला, "अण्णा, एकादशी धरू कधी आणि सोडू कधी?"

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. म्हणून तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते. ती कोणत्या दिवसाची धरायची, हे मात्र त्या त्या गावचा सूर्योदय ठरवतो. हॅमरफेस्टला चंद्र एकादशी सांगत होता, पण दिवस ठरवून द्यायला सूर्योदय नव्हता.

वाटा तीन होत्या. पंढरपूरचा सूर्योदय धरावा, म्हणजे तिथल्या घड्याळात रात्रीचे अडीच. किंवा जर्मनीतल्या राहत्या घरचा धरावा. किंवा म्हणावे, जिथे सूर्योदय नाही तिथे एकादशीही नाही. अण्णा म्हणाले, "पहिल्या दोन्हींतली कोणतीही धर. पण भूक लागायच्या आधी धर."

या एका वाक्यात व्रताचे मर्म आहे. आधी ठरवतो तेव्हा आपण देवाकडे पाहत असतो. भूक लागल्यावर ठरवतो तेव्हा पोटाकडे. तिसऱ्या वाटेलाही युक्तिवाद आहे, पण सवलत हवी असली की माणसाला शास्त्र फार लवकर सापडते. घरी शेजारीपाजारी असतात, गावात दिंडी असते. परमुलखात विचारणारे कोणी नसते. तिथे जो नेम टिकतो, तोच आपला, बाकीचा गावाचा.

पण अण्णांनी पुढे विचारले, "काम कसले आहे?" उंचावर चढून व्हॉल्व्ह तपासायचे होते. "मग निर्जळ राहू नकोस. पाणी पी, फळे खा. तुला घेरी आली तर भोगेल दुसराच."

काहींना ही ढिलाई वाटेल. गोरोबाकाकांची कथा आपण तल्लीनतेसाठी सांगतो. पण त्या चिखलात एक लेकरू होते, हे विसरू नये. ते पांडुरंगाने परत दिले. आपल्या बेसावधपणाने गेलेले लेकरूही तो परत देईल असे गृहीत धरणे, ही भक्ती नव्हे. व्रताची किंमत ज्याची त्याने द्यावी, दुसऱ्यावर टाकू नये.

उलट, "काम हीच पूजा" म्हणून नेमच सोडणारेही पुष्कळ. ते सावतोबांचा दाखला देतात. पण अरणच्या मळ्यात खुरप्याबरोबर नामही चालत होते, एवढे मात्र वगळतात.

तेव्हा माउली, नेम आधी ठरवावा, त्याचा भार स्वतः उचलावा, आणि हातातले काम सावधपणे करावे. सूर्योदय नसेल तिथे चालेल. संकल्प नसेल तर पंढरपुरातही एकादशी घडत नाही. रामकृष्णहरी.