एक मुलगा, दोन संघ आणि रविवार

आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब काही वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो. नाताळात ते सर्व गावी आले होते. मिस्सानंतर चर्चच्या आवारात मुलाच्या वडिलांनी आपली अडचण सांगितली. प्रथम आम्हाला हसू आले. खेळाची कसली अडचण? पण ऐकत गेलो तसे गप्प झालो.

तिकडे शाळेचा बेसबॉल वसंत ऋतूत, साधारण मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतो. तो संपतो न संपतो तोच 'ट्रॅव्हल टीम'चा उन्हाळी हंगाम सुरू होतो. हे संघ खासगी. पालक पैसे भरतात आणि शनिवार-रविवार मुलांना घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जातात. तिथे कॉलेजांचे प्रशिक्षक येतात, म्हणून शिष्यवृत्तीची आशा. ती आशाही बारीकच: २०२५ पर्यंत तेथील पहिल्या श्रेणीच्या कॉलेज संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्याही अनेक मुलांत तुकडे करून वाटल्या जात.

हा मुलगा पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. २०१४ साली अमेरिकेच्या बेसबॉल संस्थांनी अशा मुलांसाठी मर्यादा सुचवल्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ७६ किंवा त्याहून जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, वर्षातून चार महिने चेंडू टाकणे बंद ठेवावे, एकाच वेळी दोन संघांकडून खेळू नये. २०१७ पासून शालेय सामन्यांतही चेंडू मोजण्याचा नियम आला. पण शाळा आपले चेंडू मोजते, उन्हाळी संघ आपले. दोन्हींची बेरीज कोणी करत नाही. कोपर मात्र एकच. त्यातील स्नायूबंध तुटला तर दुसरीकडचा कंडरा काढून तिथे बसवावा लागतो. ही शस्त्रक्रिया प्रथम १९७४ साली टॉमी जॉन या व्यावसायिक खेळाडूवर झाली. आता ती शाळकरी मुलांवरही होते.

शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौलाने करिंथकरांना लिहिले. आपण ते व्यसनांच्या संदर्भात ऐकतो. मुलाच्या कोपराच्या संदर्भात आम्ही तरी कधी ऐकले नव्हते.

मग शब्दाचा प्रश्न. दोन्ही संघांना 'हो' म्हटले आणि तारखा आदळल्या, तर कोणाचा शब्द मोडायचा? आमच्या मते शाळेचा संघ आधी. तिथली मुले निवडून आणलेली नसतात, ती शेजारची असतात आणि त्यांच्याजवळ बदली पिचर विकत घ्यायला पैसे नसतात. पैसे भरले म्हणून उन्हाळी संघाचा हक्क मोठा होत नाही. अर्थात, ज्याने फी भरली त्याला हे सांगणे सोपे नाही.

आणि रविवार. बाद फेरीचे सामने बहुधा रविवारी असतात. म्हणजे संघ जितका चांगला खेळेल तितकी मिस्सा हुकण्याची शक्यता जास्त. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साची मुभा ख्रिस्तसभेने दिली आहे आणि ती घेण्यात पळवाट नाही. पण शनिवारचा सामनाही रात्रीपर्यंत लांबतो. शिवाय मिस्सा झाली तरी प्रभूचा दिवस गाडीतच जातो. आजी-आजोबांना फोन नाही, एकत्र जेवण नाही.

इथे बसून अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडे रविवारी सकाळी क्रिकेटचे सामने होतातच. दहावीचे क्लासही रविवारी सकाळी भरतात आणि त्यासाठी धर्मशिक्षणाचा तास चुकला तर आपण मुलाला बोलत नाही. उलट, 'अभ्यास आहे ना' म्हणतो. चेंडूसाठी बुडाले तर पाप आणि गणितासाठी बुडाले तर कर्तव्य, हा हिशेब आम्हाला नीट मांडता आलेला नाही.

त्या वडिलांनी जानेवारीत उन्हाळी संघाच्या प्रशिक्षकाला कळवले, की जून संपेपर्यंत मुलगा चेंडू टाकणार नाही आणि महिन्यातले दोन रविवार येणार नाही. प्रशिक्षकाने ऐकून घेतले. संघात ठेवले, पण मुख्य पिचर दुसरा मुलगा केला. मुलगा आठ दिवस वडिलांशी बोलला नाही. आजीने फोनवर विचारले तेव्हा म्हणाला, "सगळे मला विचारल्याशिवाय ठरवतात." आजीपाशी याला उत्तर नव्हते. वडिलांपाशीही नव्हते.