अविवाहितांचीं नांवें

कडेगांवीं एका परिचित घरीं लग्नपत्रिकेचा मसुदा चालला असतां आम्ही तेथें होतों. घरांतील एक शिक्षिका पन्नाशीच्या, अविवाहित. निमंत्रकांत त्यांच्या नांवामागें काय लिहावें यावर अर्धा तास खल झाला. 'सौ.' लिहितां येईना, 'कु.' म्हटल्यास पोरें हसतील, आणि 'श्रीमती' म्हणजे विधवा अशी वडीलधाऱ्यांची समजूत. त्यांचे थोरले बंधुही अविवाहितच, त्यांस 'श्री.' हें पद विनासायास मिळालें. अखेर बाईंचें नांवच गाळण्यांत आलें.

इंग्रजींत तरी काय निराळें आहे? 'स्पिन्स्टर' म्हणजे मुळांत सूत कातणारी, आपल्या हातच्या कामावर जगणारी स्त्री. पुढें तो कायद्याच्या कागदांत अविवाहितेचा शब्द झाला आणि त्यानंतर कुचेष्टेचा. 'बॅचलर' म्हणजे एके काळीं दुसऱ्याच्या निशाणाखालीं लढणारा उमेदवार तरुण सरदार. त्याची उमेदवारी साठीपर्यंत चालली तरी कोणास खटकत नाहीं. विद्यापीठांनींही तोच शब्द पदवीला घेतला. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या 'बॅचलरां'त माधवराव रानडे होते, आणि त्यांचें लग्न लहानपणींच झालेलें होतें! इंग्लंडांतील विवाहनोंदणींतून हे दोन्ही शब्द २००५ सालीं गेले. आतां स्त्रीपुरुष दोघांसही 'सिंगल' एवढेंच म्हणतात.

आमच्याकडे 'सडाफटिंग' म्हणतांना बोलणारा थोडा हसतो, 'ब्रह्मचारी' म्हणतांना हात जोडतो. 'घोडनवरी' म्हणतांना मात्र तो आवाज खालीं आणतो. पुरुषानें लग्न नाकारलें असें आपण धरून चालतों, स्त्रीला कोणीं पत्करलें नाहीं असें. खरें काय घडलें तें विचारण्याची तसदी कोण घेतो?

अलीकडे मात्र वारें फिरलें आहे. डिसेंबर २०२२ मध्यें सोलापुरांत वधू मिळत नाहींत म्हणून तरुणांनीं नवरदेवाच्या वेषांत कलेक्टरकचेरीवर मोर्चा नेला. मुली गर्भांतच खुडल्या गेल्या, आणि ज्या आहेत त्यांना शेतकरी नवरा नको. आमच्या भागांतही पस्तिशीच्या शेतकरी मुलाविषयीं 'अजून जमलें नाहीं हो' असें आतां त्याच खालच्या आवाजांत बोलतात. त्याची फिटंफाट झाली, असें म्हणण्याचा मोह आम्हांस झाला नाहीं. त्या मुलाचा बाप आमच्यासमोर मान वर करीत नव्हता.

त्या दिवशीं शब्दांचा जाणकार म्हणून आमचें मत विचारलें गेलें होतें. आम्हीं 'श्रीमती'ची व्युत्पत्ति सांगितली. बाई आंत चहा करीत होत्या. त्यांना स्वतःला काय आवडेल, हें आम्हीही विचारलें नाहीं.