पाटकऱ्याच्या हातातली रांग

रेल्वेनं बेलापूरला यायचं तर तिकिटावर बेलापूर असतं आणि उतरायचं असतं श्रीरामपुरात. स्टेशनाचं नाव बेलापूर, गाव मात्र तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. इथल्या माणसाला त्याचं नवल नाही. कागदावरचं नाव एक आणि जमिनीवरची जागा दुसरी, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. संगणकातली डिस्क समजून घेताना मला हेच ज्ञान कामी आलं.

आपण फाइल उघडतो तेव्हा 'एवढा मजकूर दे' अशी मागणी निघते. ती थेट डिस्कवर पोचत नाही. आधी फाइल सिस्टिम, मग व्हॉल्यूम सांभाळणारा ड्रायव्हर, मग डिस्कचा ड्रायव्हर, अशी एकाखाली एक थरांतून ती उतरते. विंडोजमध्ये या मागणीच्या पाकिटाला आयआरपी म्हणतात आणि त्यात प्रत्येक थरासाठी वेगळा रकाना असतो. वरच्याला फाइलचं नाव कळतं, मधला त्याचा पत्ता बदलून देतो, आणि फिरत्या चकतीवर ती जागा नेमकी कुठे आहे हे शेवटी डिस्कलाच माहीत असतं. मग एकाच वेळी शेकडो मागण्या आल्या, तर त्यांची रांग कुणी लावायची?

याचं उत्तर मला पाटावर सापडतं. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरा नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं, मग चारी, पोटचारी आणि शेवटी वाफा. शेतकरी पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरतो. अर्ज वर जातो, पाणी खाली येतं. पण कुणी अर्ज आधी भरला यावर पाणी ठरत नाही. शेजपाळीत ते शेजेनं, म्हणजे शेताला शेत लागून मिळतं, आणि नियमाप्रमाणे चारीच्या शेपटाकडून वर तोंडाकडे येतं. आज इथलं दार उघडलं, उद्या चार मैल खालचं, परवा पुन्हा इथलं, असं केलं तर निम्मं पाणी पाटातच जिरेल.

चकतीचंही असंच आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या चकतीला एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि वाचणारा हात एका कडेकडून दुसरीकडे न्यायचा तर आणखी काही. आल्या क्रमानं मागण्या पुरवल्या तर हाताचा सगळा वेळ येरझारांत जातो. म्हणून मागण्या जागेच्या क्रमानं लावून हात एका दिशेनं सरकवत न्यायचा, ही युक्ती जुनी आहे. तिला लिफ्टची रीत म्हणतात. मला ती शेजपाळीच वाटते.

पण शेज लावायची तर सगळे अर्ज एकाच हाती हवेत. समजा, वरच्या कचेरीतल्या कुणी अर्ज स्वतःजवळ ठेवले आणि एक पुरा झाला की दुसरा असे एकेक करून पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दिले. त्याच्या हाती कधीच दोन अर्ज एकत्र नसतील, तर तो शेज कशाची लावणार? ड्रायव्हरच्या थरांत हीच चूक घडते. मधला थर काळजीपोटी स्वतःची रांग धरतो, एक काम संपल्याशिवाय दुसरं खाली सोडत नाही, आणि खालच्या थराची सगळी हुशारी वाया जाते. साटा डिस्क स्वतःजवळ 32 मागण्या ठेवून त्यांचा क्रम लावू शकते. तिला एकच दिली तर ती काय करेल? मधल्या थरानं आपला रकाना भरावा, 'काम बाकी आहे' अशी खूण करावी आणि पाकीट खाली सोडावं. हे सोडणं अवघड असतं. जबाबदारीच्या माणसाला आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या भरवशावर टाकवत नाही.

जागेच्या क्रमातही एक धोका आहेच. चारीच्या एका टोकाकडे मागणी वाढत राहिली तर दुसऱ्या टोकाकडचा वाट बघतच राहतो. उभा ऊस वाळताना बघणं काय असतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच विचारावं. लिनक्सच्या डेडलाइन रांगेत म्हणून प्रत्येक मागणीला मुदत असते. वाचायच्या मागणीला मुळात अर्धा सेकंद, लिहायच्या मागणीला पाच सेकंद. मुदत उलटली की जागेचा क्रम बाजूला ठेवून आधी तिच्याकडे बघायचं. वाचणाऱ्याचं काम अडून बसलेलं असतं, लिहिणाऱ्याचं बहुधा नसतं, म्हणून हा फरक. असा विचार ज्यानं केला, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

नव्या एसएसडीत हात नाही, चकती नाही. तिथे जागेच्या क्रमाची फारशी गरज उरत नाही, जशी स्वतःच्या विहिरीवर मोटर असलेल्याला पाळीची नसते. पण पाळीवर भिजणाऱ्या शेतासाठी, पाटाला पाण्याचं आवर्तन सुटल्यावर रात्री दारं धरायला निघालेला माणूस मी पाहिला आहे. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी. खालच्या शेतातून हाक येते, "भरलं!" तो वाकून माती सारतो आणि पाणी त्याच्या वाफ्यात वळतं.