घराचे माप

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पैशाची ओढाताण, सुतार-गवंड्यांचे वायदे आणि अखेरपर्यंत न संपणारी लहानसहान कामे असावीत. त्या कष्टांविषयी वाद नाही. परंतु घर बांधताना माणसाची आणखी एक कसोटी लागत असते. तिची नोंद खर्चाच्या वहीत होत नाही, आणि पुष्कळदा ज्याची ती लागते त्याच्याही ध्यानात येत नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या ती ध्यानात आली. कुंभकोणमहून त्यांचे पत्र आले. त्यात घराच्या बांधणीची सारी हकीकत लिहून शेवटी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता : ‘मी केले ते योग्य केले का?’ मी उत्तर धाडले. पण ते माझे मलाच अपुरे वाटले. प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

हे स्नेही तंजावरी मराठी. व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास तंजावरास आपली सत्ता स्थापन केली आणि १८५५ साली ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. मधल्या काळात कावेरीच्या काठी जी अनेक मराठी घराणी स्थिरावली, त्यांतलेच एक त्यांचे. राज्य गेले, घराणी राहिली. बाहेर तमिळ आणि घरात मराठी हा त्यांचा क्रम अजून चालू आहे. कुंभकोणमजवळच तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १६९३ साली ते चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले, आणि त्याला शहाजिराजपुरम् असे नाव पडले. आपल्याबरोबर दुसऱ्याच्याही निवाऱ्याची चिंता वाहावी, ही गोष्ट त्या प्रांताला नवी नाही.

नोकरी संपवून माझे स्नेही गावी परतले, तेव्हा वडिलोपार्जित घर दुरुस्तीपलीकडे गेलेले होते. ते उतरवून त्याच जागी पुन्हा लाकडी घर उभे करावयाचे त्यांनी ठरविले. सिमेंटचे घर लवकर झाले असते, हे त्यांनाही ठाऊक होते. पण मध्ये चौक, भोवती सागवानी खांब, ताडाचे वासे, वर कौले आणि रस्त्याच्या बाजूला ओटा, अशा घरात ते लहानाचे मोठे झाले होते. जुन्यातले निघाले तेवढे लाकूड घेतले. काही खांब दुसऱ्या मोडलेल्या घरांतून विकत आणले. दारे-खिडक्यांच्या चौकटींसाठी मात्र नवे लाकूड घ्यावे लागले. मापे तिकडील स्थपतींच्या रीतीने, ‘आयादि’ गणिताने काढली. मयमतासारख्या शिल्पग्रंथांतून चालत आलेली ही रीत. तीत लांबी-रुंदीच्या आकड्यांवरून वास्तूचे नक्षत्र काढतात आणि ते मालकाच्या जन्मनक्षत्राशी जुळवितात. अंगरखा अंगाच्या मापाने बेतावा, तसे हे घर मालकाच्या नक्षत्राच्या मापाने बेतलेले असते. ‘आपल्या मापाचे घर’ ही कल्पना याहून पुढे जाऊ शकेल असे मला वाटत नाही.

काम वैशाखात सुरू झाले आणि आश्विन उजाडला तरी निम्मेच उरकले होते. मराठी मुलखातील पावसाची सवय असलेल्याला यात घाबरण्याजोगे काही वाटणार नाही. तो पाऊस दसऱ्याच्या सुमारास निरोप घेतो. कावेरीच्या खोऱ्यातला पाऊस मात्र दिवाळीच्या आगेमागे खरा सुरू होतो. ईशान्येकडून येणारे वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तमिळनाडूच्या वर्षाच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस देऊन जातात, आणि त्यांच्याबरोबर वादळेही येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गज’ वादळाने त्या टापूत नारळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. थंड मुलखात घर बांधणाऱ्याला पुढे येणाऱ्या बर्फाची जी धास्ती, तीच येथे आश्विनातल्या ढगांची.

अशा वेळी म्हाताऱ्या सुताराने हात आखडला. चौकटींचे लाकूड अजून ओले आहे. आता बसविले तर पावसात फुगेल आणि उन्हाळ्यात आक्रसून फटी पडतील, असे त्याचे म्हणणे. झाड तोडले तरी लाकडाची हालचाल संपत नाही, हे सुतार जाणतो आणि मालक विसरतो. नॉर्वे-फिनलंडसारख्या देशांत ओंडक्यावर ओंडका रचून घरे बांधतात. ते ओंडके पुढे काही वर्षे वाळत, आक्रसत राहतात आणि सगळी भिंतच हळूहळू खाली बसते. म्हणून तेथले कारागीर दारा-खिडक्यांच्या चौकटींवर मुद्दाम काही बोटे जागा मोकळी सोडतात. ती न सोडली तर भिंतीचा भार चौकटीवर येतो आणि दारे अडकू लागतात. ज्यापासून घर करावयाचे त्यालाही स्वतःची एक गती आहे, हे मानून बांधण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

सुताराचे ऐकावे तर मुहूर्त हुकत होता. तमिळ पंचांगाप्रमाणे डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर मार्गळी. त्यात गृहप्रवेश करीत नाहीत. कार्तिकातला मुहूर्त गेला की एकदम तै महिन्याची, म्हणजे पोंगलानंतरची, वाट पाहावयाची. एरवी दोन महिने थांबणे ही मोठी गोष्ट नव्हे. पण स्नेह्यांच्या आई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्या जागी त्या सून म्हणून आल्या होत्या. भाड्याच्या घरात त्यांचे मन रमत नव्हते, प्रकृती उतरत चालली होती, आणि आपल्या घरात पुन्हा पाऊल टाकावे एवढी एकच इच्छा उरली होती. तेव्हा मुलाची घाई हौसेपोटी नव्हती. ओल्या चौकटी बसवावयासही ते तयार झाले. पुढे त्या बदलता आल्या असत्या. नुकसान झाले असते ते त्यांचे स्वतःचे.

अडचण दुसरीच होती. कामावर बाहेरगावची मजूर कुटुंबे होती. ती अंगणात, लाकडाच्या ढिगाला लागून, विणलेल्या झावळ्यांच्या झोपडीत राहत. पाऊस लागला की चुली झोपडीच्या आत जात. भोवती भुसा आणि ढलप्या, वर आतून कोरड्या झावळ्या, खाली निजलेली लहान मुले. रात्रंदिवस काम चालवून कार्तिकात घर उरकावयाचे, तर ही व्यवस्था तशीच चालू राहणार. उलट पुढचा सोपा आणि विटांचे स्वयंपाकघर यांवर कौले चढलेली होती. ती जागा मजुरांना दिली तर त्यांना निवारा मिळे. पण आतले काम थांबे आणि मुहूर्त जाई.

दुसऱ्या एखाद्या गावी हा विचार कदाचित कोणाच्या मनात आला नसता. कुंभकोणमला तो टाळता येत नाही. १६ जुलै २००४ रोजी त्या गावातील एका शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपराला भिडली, आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांवरची तसली छपरे काढण्याचे हुकूम सुटले. ते छप्पर घालताना कोणी मुलांचे वाईट चिंतिले असेल असे नाही. तूर्त चालेल, असेच कोणी म्हटले असेल. दुष्टाव्याने जेवढे अनर्थ होतात, तेवढेच या ‘तूर्त चालेल’नेही होत असावेत.

स्नेह्यांनी काम थांबविले. लाकूड शेजाऱ्यांच्या पडवीत रचून ठेवले आणि मजुरांना सोप्यात आणले. नव्या वास्तूतली पहिली चूल घरच्या बाईने पेटवावी, दूध उतू घालवावे, हा शिरस्ता तिकडेही आहे आणि आपल्याकडेही. या घरात पहिली चूल पेटली ती एका मजूर बाईची. आईला हे रुचणार नाही, या भीतीने त्यांनी तिला खरे कारण सांगितले नाही. ‘सुतार वेळ लावतो आहे,’ एवढेच म्हणत राहिले. मार्गळीत आई गेल्या. घर तै महिन्यात पुरे झाले. आणि मग मला ते पत्र आले.

आता प्रश्नाचा विचार करू. एक पक्ष असा की, मुलाचे पहिले कर्तव्य आईशी. मजूर जसे राहत आले तसे आणखी महिनाभर राहिले असते. काही घडलेच असते असे नाही. या पक्षात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मनुष्यावर सर्वांचे ऋण सारखे नसते. ज्याला आपली आई आणि रस्त्यावरची परकी बाई अगदी सारखीच, त्याच्या समभावाविषयी मला थोडी शंकाच वाटते.

तरीही थांबणेच योग्य होते असे मी म्हणतो. कारण तोलावयाच्या दोन गोष्टी एका जातीच्या नव्हत्या. एकीकडे एक इच्छा अपुरी राहण्याचे दुःख होते. दुसरीकडे लहान मुलांच्या जिवावरचा धोका, आणि तो त्यांनी पत्करलेला नव्हता. आपल्या माणसासाठी आपण आपला पैसा द्यावा, झोप द्यावी, आयुष्यही द्यावे. ते आपले आहे. दुसऱ्याच्या मुलांची सुरक्षितता आपली नाही, म्हणून आपल्या प्रेमापायी ती खर्च करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. ‘काही घडलेच असते असे नाही’ हे खरे. पण ते म्हणण्याचा हक्क झोपडीत निजणाऱ्याचा आहे. पक्क्या छपराखाली निजणाऱ्याच्या तोंडी ते शोभत नाही.

मापाचा प्रश्न येतो तो येथे. आयादि गणितात मालकाचे नक्षत्र विचारतात. मजुराचे, भाडेकऱ्याचे, पुढे त्या घरात जन्मणाऱ्या मुलाचे कोणी विचारीत नाही. जुन्या लोकांना ही उणीव जाणवली असेल काय? घर मालकाच्या नक्षत्राला जुळविले, तरी रस्त्याच्या बाजूला त्यांनी ओटा ठेवला. तमिळ लोक त्याला ‘तिण्णै’ म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने तेथे टेकावे, उन्हापावसात थांबावे. कुंभकोणमला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजन यांचे राहते घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्या लहानशा घराच्या ओट्यावर बसून ते पाटीवर गणिते मांडीत. ओटा बांधणाऱ्याने इतक्या पुढचे माप खचितच काढलेले नव्हते. घरातली थोडी जागा अशी असावी, की जी कोणाच्या मापाने बेतलेली नाही.

येथे थोरोची आठवण होते. अमेरिकेत वॉल्डन तळ्याकाठी १८४५ साली त्याने आपल्या हातांनी लहानसे लाकडी घर बांधले, ४ जुलैला तो त्यात राहावयास गेला आणि हिवाळ्याच्या तयारीने त्याने धुराडे व गिलावा पुरा केला. साध्या राहणीची ओढ असलेल्या कित्येक पिढ्यांना त्या घराने भुरळ घातली आहे. पण त्याच्या फळ्या कोठून आल्या? रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरना विकत घेतली आणि मोडली. ठरल्याप्रमाणे ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडले. बहुतेक सगळा संसार एका गाठोड्यात मावला. थोरोने यातले काही लपविलेले नाही. त्यानेच ते लिहून ठेवले आहे. किंमतही त्याने पुरी दिली. व्यवहारात खोट नाही. तरी वाचताना मन त्या गाठोड्यामागे जाते. मनाजोगे घर शून्यातून उभे राहत नाही. कोणाचे तरी खांब आणि कोणाचे तरी श्रम त्यात मुरलेले असतात. ते सगळे फेडता येईलच असे नाही. पण त्याची जाणीव ठेवता येते, आणि जो धोका टाळता येतो तो टाळता येतो.

इतका विचार करून ‘आपण योग्य केले’ असे लिहून मी मोकळा झालो होतो. नंतर पत्र पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले की त्यांना टोचत होते ते थांबणे नव्हे. आईला त्यांनी विचारले नव्हते. तिचे उत्तर त्यांनी तिच्या वतीने परस्पर ठरवून टाकले होते. ‘तिला त्रास नको’ हे कारण प्रेमाचे खरे. पण त्या प्रेमात एक सूक्ष्म अनादर होता. वृद्ध माणसांना आपण पुष्कळदा असेच वागवितो. त्यांची सोय पाहतो, मत विचारीत नाही. कदाचित त्या रागावल्या असत्या. तरीही थांबणे भागच होते, आणि मग तो राग मुलाने सोसावयाचा होता. कदाचित त्या म्हणाल्या असत्या, ‘पोरे भिजताहेत, आधी त्यांना आत घे.’ तसे झाले असते, तर घर पाहावयाचे राहून गेले ही त्यांची हानी न ठरता त्यांचे दान ठरले असते. विलंब तोच, दिवस तेच; पण न विचारता घेतले तर ते हिरावणे होते आणि विचारल्यावर दिले तर तो त्याग होतो. त्या त्यागाची संधी त्यांना मिळालीच नाही.

ओंडक्यांच्या घरात चौकटीवर सोडलेली ती मोकळी जागा मला येथे आठवते. लाकडाला गती आहे म्हणून तेथले सुतार ती सोडतात. माणसांच्या बाबतीत ती जागा म्हणजे विचारणे. माझ्या स्नेह्यांनी मजुरांसाठी सोपा मोकळा केला आणि आईच्या मनासाठी मात्र बोटभर जागा ठेवली नाही. सर्व भार त्यांच्या एकट्याच्या निर्णयावर आला, आणि तोच आता त्यांना जाचतो आहे.

मी त्यांना दुसरे पत्र लिहिले. थांबलात ते योग्य केलेत, सांगितले नाहीत ते चुकले. पहिल्याने दुसरे पुसले जात नाही आणि दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही, असे त्यात होते. उत्तर थोडक्यात आले. चौकटी संक्रांतीनंतर बसविल्या, दारे नीट लागतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मजुरांच्या चुलीची काजळी धरली आहे. ती रंगाऱ्याला तशीच ठेवावयास सांगितली. घरी कोणी आले आणि हा डाग कसला म्हणून विचारले, की ते सगळी हकीकत सांगतात. आईला सांगितले नव्हते, तेही सांगतात.